पिसाचा कलता मनोरा : वासारीच्या कारणमीमांसेचें परीक्षण

इटलींतील पिसा शहराचा कलता मनोरा ठाऊक नाहीं असा सुशिक्षित मनुष्य विरळा. तो कां कलला आणि कलूनही कां पडला नाहीं, या दोन प्रश्नांचीं उत्तरेंही बहुतेकांपाशीं तयार असतात. पाया कच्चा होता म्हणून कलला, आणि गुरुत्वमध्यांतून सोडलेला ओळंबा तळाच्या आंत पडतो म्हणून पडला नाहीं. हीं उत्तरें इतकीं सोपीं आहेत कीं, त्यांची छाननी करावी असें सहसा कोणास वाटत नाहीं. आम्हींही अध्यापनाच्या काळांत यांपैकीं दुसरें उत्तर फळ्यावर आकृति काढून अनेक वर्षें शिकविलें. तें अपुरें आहे, किंबहुना दिशाभूल करणारें आहे, असें आतां आमचें मत झालें आहे; आणि तें मोकळेपणें सांगणें हाही प्रस्तुत लेखाचा एक हेतु आहे.

या विषयावरील जुन्या विवेचनांत सर्वांत विचारपूर्वक लिहिलेलें विवेचन जॉर्जो वासारी याचें. पुढील अनेक लेखकांनीं त्याचींच मतें कळत वा नकळत उचललीं आहेत. म्हणून मूळ पुरुषाचें म्हणणें घेऊन त्याचेंच परीक्षण करावें, हा मार्ग आम्हांस सरळ वाटतो.

१. वासारीचा पक्ष

वासारी (१५११–१५७४) हा स्वतः चित्रकार व वास्तुकार. चित्रकार, शिल्पकार व वास्तुकार यांच्या चरित्रांचा त्याचा ग्रंथ १५५० मध्यें प्रथम प्रसिद्ध झाला आणि १५६८ मध्यें त्याची वाढविलेली आवृत्ति निघाली. त्यांत आर्नोल्फो या वास्तुकाराच्या चरित्राच्या ओघांत पिसाच्या मनोऱ्याचा विषय येतो. वासारीचें म्हणणें आमच्या शब्दांत असें : गुल्येल्मो व बोनान्नो या दोघांनीं ११७४ मध्यें मनोऱ्याचा पाया घातला. पिसाच्या भूमींत पाया घालण्याचा त्यांना सराव नव्हता. जमिनींत लांकडी खुंट ठोकून मग पाया रचावा, तसें त्यांनीं केलें नाहीं. त्यामुळें काम अर्ध्यावर येण्यापूर्वींच मनोरा दुबळ्या बाजूस कलला आणि ओळंब्याबाहेर साडेसहा ब्राच्चो गेला. तरी तो पडला नाहीं, याचें कारण तो आंतून व बाहेरून वाटोळा आहे आणि त्याचे दगड एकमेकांत उत्तम बांधलेले आहेत. तो चौकोनी असता तर कोपरे बाहेर लोटले जाऊन केव्हांच कोसळला असता. बोलोन्या येथील गारिसेंदा मनोरा चौकोनी असून कलता आहे व उभाही आहे, ही अडचण वासारीच्या ध्यानांत आहे. तिचें निरसन तो असें करितो कीं, तो मनोरा अंगानें बारीक आहे, इतका कललेला नाहीं आणि त्याच्यावर इतकें ओझेंही नाहीं.

या विवेचनाचे गुण आधीं सांगणें न्याय्य होईल. वासारीनें शाप, चमत्कार किंवा दैवी कोप यांचा आश्रय केलेला नाहीं. वास्तुकारानें कौशल्य दाखविण्यासाठीं मनोरा मुद्दाम तिरपा बांधला, ही पुढें कांहीं लेखकांस भुरळ घालणारी कल्पनाही त्याच्याकडे नाहीं. शिवाय आपल्या हेतूस बाधक असें उदाहरण त्यानें लपविलें नाहीं. तें स्वतः पुढें मांडून त्याचा परिहार केला. ही शास्त्रकाराची शिस्त होय. त्यानें दिलेलें मापही उपयोगी आहे. फ्लॉरेन्सचा ब्राच्चो सुमारें ५८ सेंटिमीटरांचा धरल्यास साडेसहा ब्राच्चो म्हणजे ३.८ मीटर होतात. इ.स. १९९० मध्यें मनोऱ्याच्या सातव्या कंगणीचा कांठ पहिल्या कंगणीच्या सुमारें साडेचार मीटर पुढें आलेला होता. दोन्ही मापें त्याच बिंदूंपासून घेतलीं असतील असें नाहीं. परंतु मधल्या चार शतकांत मनोरा स्थिर नव्हता, या गोष्टीशीं तीं जुळतात.

वासारीच्या मुख्य प्रतिज्ञा तीन : कलण्याचें कारण पायांत आहे, तो दोष बांधणारांच्या अननुभवाचा आहे, आणि उभें राहण्याचें कारण वाटोळा आकार हें आहे. यांपैकीं पहिली आम्हांस मान्य आहे, दुसरी मान्य नाहीं, आणि तिसरी हेत्वाभास आहे, असें आम्ही पुढें दाखवूं.

२. पाया घालण्याचें वर्ष

प्रथम एका लहान मुद्द्याचा निकाल लावूं. वासारी ११७४ हें वर्ष देतो; आधुनिक ग्रंथांत ११७३ आढळतें. यावरून वासारी चुकला असें म्हणण्याचें कारण नाहीं. मनोऱ्यावरील शिलालेखांतच ११७४ चा ऑगस्ट महिना कोरलेला आहे. फरक पडतो तो पिसाच्या कालगणनेमुळें. पिसा येथें वर्षारंभ २५ मार्च रोजीं होई, आणि तोही आपल्या आजच्या जानेवारीच्या सव्वानऊ महिने आधीं. म्हणजे २५ मार्चपासून डिसेंबरअखेरपर्यंत पिसाचा वर्षांक आजच्या वर्षांकाहून एकानें पुढें असतो. फ्लॉरेन्स येथेंही वर्षारंभ २५ मार्चलाच, परंतु पिसाच्या एक वर्ष मागून. शेजारच्या दोन शहरांत एकाच दिवसाचा वर्षांक एकानें भिन्न, ही स्थिति तोस्कानांत इ.स. १७५० पासून १ जानेवारीचा वर्षारंभ रूढ होईपर्यंत चालली. फ्लॉरेन्समध्यें वावरणाऱ्या वासारीनें पिसाच्या लेखांतील अंक जसाच्या तसा उचलला, इतकेंच.

गत शक व वर्तमान शक, किंवा चैत्रादि व कार्तिकादि संवत्, यांच्या घोटाळ्यानें ज्यांचे दिवस गेले आहेत त्या वाचकांस हें अधिक फोडून सांगण्याची गरज नाहीं. पाया ११७३ च्या ऑगस्टांत घातला गेला असें धरून आम्ही पुढें चालतों. मनोऱ्याच्या दगडांसाठीं बेर्ता नांवाच्या एका विधवेनें ११७२ च्या मृत्युपत्रांत साठ सोल्दी ठेविले होते, त्याच्याशींही हा काल सुसंगत आहे.

३. दोष अननुभवाचा काय ?

पिसा शहर आर्नो नदीच्या गाळावर वसलेलें आहे. मनोऱ्याखालीं सुमारें दहा मीटरपर्यंत गाळवट माती व वाळू यांचे असमान थर आहेत. त्याखालीं सुमारें चाळीस मीटर खोलीपर्यंत मुख्यतः समुद्रतळाशीं सांचलेली मऊ चिकणमाती आहे, आणि तिच्याखालीं घट्ट वाळू. मनोऱ्याचें वजन सुमारें १४,५०० टन. तें सर्व १९.६ मीटर व्यासाच्या पायावर येतें. म्हणजे दर चौरस मीटरास जवळ जवळ पन्नास टन भार झाला. या भारानें खालच्या चिकणमातीचा माथा परातीसारखा खोलगट दबला आहे, आणि त्यावरून मनोरा सरासरी अडीच ते तीन मीटर खचला असें निघतें. आठशें वर्षांत पुरुषभर उंचीहून अधिक खोल खचलेली इमारत कलली, यांत आश्चर्य तें काय ?

आतां बांधणारांचा दोष पाहूं. त्याच आवारांतील मुख्य मंदिराचें काम अकराव्या शतकाच्या उत्तरार्धांत सुरू झालें होतें. दीक्षामंदिराचा पाया मनोऱ्याच्या वीसएक वर्षें आधीं घातला होता. म्हणजे पिसाच्या गवंड्यांस त्याच भूमीचा शंभर वर्षांचा अनुभव होता. त्या इमारतीही थोड्या फार खचल्या आहेत, परंतु त्या पसरट असल्यानें डोळ्यांत भरत नाहींत. खुंट ठोकले नाहींत हा वासारीचा आरोपही तपासून पाहतां टिकत नाहीं. घट्ट वाळू लागते ती चाळीस मीटर खालीं. बाराव्या शतकांतील लांकडी खुंट तेथपर्यंत पोंचविणें अशक्य होतें. मऊ मातींतच अडकून राहिलेल्या खुंटांनीं मनोऱ्याचें दैव पालटलें नसतें. दोष अननुभवाचा नव्हे. पसरट इमारतींस पुरणारा अनुभव उंच व अरुंद इमारतीस लागू केला, हा होता.

हा भेद कसा, तें सांगितलें पाहिजे. कापसाच्या जाड गादीवर एक वीट ठेवली तर ती थोडी दबून स्थिर बसते. तिच्यावर विटांची चळत रचीत गेलें तर एका उंचीनंतर चळत कितीही सरळ रचली तरी उभी राहत नाहीं. ती रेसभर कलली कीं वजन त्या बाजूस सरकतें. त्या बाजूची गादी अधिक दबते. दबल्यामुळें चळत अधिक कलते. आणि हें चक्र थांबत नाहीं. येथें गादी फाटलेली नसते, विटाही फुटलेल्या नसतात. गादी सर्वत्र सारखी मऊ असली तरीही हें घडतें. एका बाजूचा किंचित् अधिक मऊपणा फक्त दिशा ठरवितो. पिसाचा रोग हा आहे. माती तुटण्याचा हा प्रश्न नव्हे, ती दबण्याचा आहे. आणि उंची व दबण्याचें प्रमाण यांची सांगड विशिष्ट मर्यादेपलीकडे गेली कीं तो उद्भवतो.

यावरून आमच्या फळ्यावरील आकृतीचाही निकाल लागतो. मनोऱ्याचा गुरुत्वमध्य पायापासून साडेबावीस मीटरांच्या आसपास उंच आहे. कल साडेपांच अंशांचा असतां त्यांतून सोडलेला ओळंबा तळाच्या मध्यापासून सुमारें २.३ मीटरांवर पडतो. तळाची त्रिज्या तर ९.८ मीटर. शाळेंतील नियमानें मनोरा वीस अंशांहून अधिक कलेपर्यंत निर्धास्त असावयास पाहिजे. प्रत्यक्षांत अभियंत्यांनीं गणित केलें तेव्हां साडेपांच अंशांच्या आसपासच तो पडण्याच्या अगदीं सीमेवर आहे असें आढळलें. शाळेंतील नियम दगडी फरशीवर ठेवलेल्या ठोकळ्याचा आहे. गादीवर उभ्या केलेल्या चळतीचा नव्हे. व्याप्ति एका क्षेत्रांतली, आणि अनुमान दुसऱ्या क्षेत्रांत केलें, ही आमची चूक.

४. दगडांची साक्ष

वासारी एकच वर्ष देतो आणि दोन नांवें देतो. जणूं मनोरा एका दमांत बांधला गेला. वस्तुतः बांधकाम तीन टप्प्यांत झालें. पहिला टप्पा ११७३ पासून सुमारें ११७८ पर्यंत. त्यांत काम चौथ्या मजल्यापर्यंत आलें व थांबलें. दुसरा टप्पा सुमारें १२७२ ते १२७८. या वेळीं सातव्या कंगणीपर्यंत काम गेलें, आणि त्याशीं जोव्हान्नी दि सिमोने याचें नांव जोडलें जातें. तिसरा टप्पा सुमारें १३६० ते १३७०. तेव्हां वरचें घंटाघर उभें राहिलें, तें तोम्मासो पिसानो याचें मानितात. मूळ कर्त्याविषयींही आज एकमत नाहीं. बोनान्नोबरोबर दिओतिसाल्वी याचेंही नांव पुढें आलें आहे.

हे टप्पे कागदांवरून जितके कळतात त्याहून अधिक दगडांवरून कळतात. मनोऱ्याचा मध्याक्ष सरळ नाहीं. तो केळाप्रमाणें किंचित् वांकलेला आहे. कारण प्रत्येक टप्प्यांत गवंड्यांनीं नवे थर रचतांना कललेली बाजू थोडी उंच करून मनोरा सावरण्याचा यत्न केला. घंटाघराच्या पायऱ्यांत हें कोणासही मोजतां येतें : सातव्या कंगणीवरून घंटाघराच्या फरशीवर चढावयास दक्षिणेस सहा पायऱ्या आहेत आणि उत्तरेस चारच. या दुरुस्त्यांच्या मापांवरून त्या त्या वेळीं कल किती होता याचाही अभियंत्यांनीं हिशेब काढला आहे. पहिला टप्पा संपून दुसरा सुरू होण्याच्या सुमारास मनोरा अगदीं थोडा उत्तरेकडे झुकला होता. दुसऱ्या टप्प्यांत तो दक्षिणेकडे वळला, आणि १२७८ च्या सुमारास कल अर्ध्या अंशाहून किंचित् अधिक झाला. घंटाघराचें काम संपेपर्यंत तो दीड अंशापलीकडे गेला.

ज्याप्रमाणें एखाद्या बखरीच्या पोथींत कोठें हात बदलला, कोठें शाई बदलली, कोठें लेखकानें हरताळ लावून अक्षर सुधारलें, हें पाहून आपण पोथीचा इतिहास सांगतों, तसाच हा प्रकार आहे. आणि ही साक्ष दोन पक्षांविरुद्ध जाते. मनोरा मुद्दाम तिरपा बांधला असें म्हणणारांविरुद्ध ती निर्णायक आहे. जें हेतुपूर्वक केलें तें पुढच्या तीन पिढ्यांच्या कारागिरांनीं पुसण्याचा यत्न कां करावा ? वासारीविरुद्धही ती जाते. कारण काम अर्ध्यावर येण्यापूर्वींच मनोरा दुबळ्या बाजूस कलला, हें त्याचें कथन दगडांशीं जुळत नाहीं. तेव्हां जो थोडा कल होता तो उलट दिशेचा.

परंतु या टप्प्यांचें खरें महत्त्व याहून मोठें आहे. ओल्या चिकणमातीवर भार पडला कीं तिच्यांतील पाणी हळू हळू बाहेर निघतें, माती दाटते व बळकट होते. या क्रियेस दिवस पुरत नाहींत, दशकें लागतात. मनोरा चौथ्या मजल्यावर जवळ जवळ शंभर वर्षें थांबला. त्या अवधींत खालची माती घट्ट झाली. काम न थांबतां वर गेलें असतें तर खालच्या मातीनेंच दगा दिला असता आणि मनोरा कोसळला असता, असें गणित सांगतें. सातव्या कंगणीवरील दुसऱ्या, ऐंशी वर्षांहून अधिक काळाच्या विश्रांतीविषयींही हेंच म्हणतां येतें. पिसाची त्या काळची स्थिति सुखाची नव्हती. लढाया चालू होत्या, आणि १२८४ मध्यें मेलोरिया येथें जिनोव्हाच्या आरमारानें तिचा निर्णायक पराभव केला. तत्कालीन नागरिकांस अर्धवट मनोरा ही नामुष्की वाटली असेल. पण त्या खंडांनींच तो वांचविला. वासारीनें आकारास जें श्रेय दिलें तें वस्तुतः काळाचें आहे, आणि त्याच्या कथनांतून नेमका काळच गळला आहे.

५. वाटोळेपणाचा हेतु

“मनोरा उभा आहे, वाटोळा असल्यामुळें,” हें अनुमान तर्कशास्त्राच्या कसोटीस लावूं. हेतु सिद्ध होण्यास अन्वय व व्यतिरेक दोन्ही पाहिजेत. जेथें वाटोळेपणा नाहीं तेथें कलून उभें राहणेंही नसावें. परंतु बोलोन्याचे आसिनेल्ली व गारिसेंदा हे दोन्ही मनोरे चौकोनी आहेत, दोन्ही कललेले आहेत, आणि आज नऊ शतकें उभे आहेत. त्यांपैकीं आसिनेल्ली तर सुमारें ९७ मीटर उंच, म्हणजे पिसाच्या मनोऱ्याहून कितीतरी उंच. व्यतिरेकाचा असा भंग झाल्यावर वाटोळेपणास असाधारण कारणाचें पद देतां येत नाहीं.

गारिसेंदाविषयीं वासारीनें केलेला परिहारही अर्धाच खरा आहे. त्याच्यावर ओझें कमी आहे, हें बरोबर. पण तें मुळांत कमी नव्हतें. हा मनोरा सुमारें साठ मीटरांचा होता. कल धोक्याचा वाटल्यावरून चौदाव्या शतकांत त्याचा माथा उतरवून तो सुमारें ४८ मीटरांवर आणला. म्हणजे तो उभा राहिला तो उपजत हलकेपणानें नव्हे, माणसांनीं वेळीं केलेल्या उपायानें. आणि तरीही २०२३ च्या ऑक्टोबरांत त्याच्या बुडच्या दगडकामाच्या चिंतेनें भोंवतालचा रस्ता बंद करावा लागला.

पिसाच्या मनोऱ्याची भिंतही वासारी समजतो तितकी एकजीव नाहीं. आंत व बाहेर संगमरवराचा घडीव पडदा, आणि मध्यें चुन्यांत घातलेली डबरांची भर, अशी ती आहे. त्या भरींतूनच जिना फिरत गेल्यानें पोकळी झाली आहे. कलामुळें दक्षिण बाजूस पहिल्या कंगणीच्या पातळीवर सर्वांत अधिक दाब येतो, आणि नेमका तेथेंच जिन्याचा पोकळ भाग आहे. दगडी पडदा एकाएकीं फुटून मनोरा कोसळेल अशी भीति वाटल्यावरून १९९२ मध्यें त्या जागीं ताणलेल्या पोलादी तारांचे पट्टे आवळले.

ही भीति काल्पनिक नव्हती. पाव्हिया येथील जुना मनोरा १७ मार्च १९८९ रोजीं अकस्मात् कोसळला व चार माणसें मेलीं. तो कांहीं कलता म्हणून प्रसिद्ध नव्हता. त्याचें दगडकाम आंतून जीर्ण झालें होतें. व्हेनिस येथील सेंट मार्कचा घंटामनोराही १४ जुलै १९०२ रोजीं असाच पडला. सरळ दिसणारे पडले आणि कललेला राहिला. यावरून आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची गोष्ट निघते ती ही कीं, कलणें व पडणें हे दोन निरनिराळे रोग आहेत. पहिला भूमींत असतो. दुसरा भूमींतही असूं शकतो आणि भिंतींतही. वासारीनें दोहोंस एका साखळींत गोंवलें, आणि पुढील लेखकांनीं ती साखळी सोडविली नाहीं.

येथें भूकंपाचाही उल्लेख केला पाहिजे. मनोऱ्यानें आजवर निदान चार मोठे भूकंप सोसले आहेत. याचें कारण २०१८ मध्यें अभियंत्यांनीं दिलें तें असें कीं, उंच व ताठ मनोरा आणि खालची मऊ माती यांच्या संयोगानें त्याच्या हेलकाव्याची गति भूकंपाच्या हादऱ्यांशीं जुळत नाहीं. ज्या मऊ भूमीनें त्याला कलविलें तिनेंच त्याला हादऱ्यांपासून राखलें.

६. प्रयोगाचा निर्णय

कारणमीमांसेची अखेरची परीक्षा उपायानें होते. कारण भूमींत असेल, तर भूमीशीं केलेल्या व्यवहाराचा परिणाम कलावर दिसलाच पाहिजे. तो प्रत्येक वेळीं दिसला आहे. इ.स. १८३८ मध्यें गेरार्देस्का या वास्तुकारानें खचलेल्या स्तंभांचें बूड लोकांस दिसावें म्हणून मनोऱ्याभोंवतीं चर खणला. मनोरा लगोलग अधिक कलला. १९३४ मध्यें पायांत छिद्रें पाडून सुमारें ८० टन सिमेंट भरलें. पुन्हां तो कलला. १९९५ च्या सप्टेंबरांत दक्षिणेकडील जमीन गोठवून खणण्याचें काम काढलें. मनोरा एकाएकीं दक्षिणेस सरकूं लागला, आणि तें काम सोडावें लागलें. सद्धेतूनें केलेले हे तीनही उपाय अपाय ठरले.

उपाय सांपडला तो उलट बाजूस. पाव्हियाच्या दुर्घटनेनंतर ७ जानेवारी १९९० रोजीं मनोरा लोकांस बंद झाला आणि मिकेले यामिओल्कोव्स्की याच्या अध्यक्षतेखालीं समिति बसली. तिनें १९९३ मध्यें उत्तरेकडील पायावर ६०० टन शिशाच्या लाद्या रचल्या. १९९५ च्या प्रसंगानंतर तें ओझें ९०० टनांपर्यंत वाढविलें. मग १९९९ ते २००१ या काळांत उत्तरेकडच्या पायाखालून तिरप्या नळ्यांच्या द्वारें थोडी थोडी माती काढली. एकंदर माती निघाली सुमारें ३८ घनमीटर. ती कांहीं बैलगाड्यांत मावली असती. तेवढ्यानें कल अर्ध्या अंशानें कमी झाला, आणि १५ डिसेंबर २००१ रोजीं मनोरा पुन्हां खुला झाला. दगडास कोणी हात लावला नाहीं, दक्षिणेस टेकू दिला नाहीं. उत्तरेची जमीन थोडी खालीं बसूं दिली, आणि मनोरा आपल्या भारानें परतला.

ही युक्ति नवी नव्हती. फेर्नांदो तेर्राचिना या अभियंत्यानें ती पिसासाठीं १९६२ मध्येंच सुचविली होती. आणि इंग्लंडांत वायबनबरी येथील चर्चचा मनोरा जेम्स ट्रबशॉ यानें १८३२ मध्यें याच रीतीनें सावरला होता. कांठावरच्या आजाऱ्यास औषधाची मात्रा द्यावी तशी ती येथें थेंबाथेंबानें, रोज मोजमाप घेऊन दिली, हें समितीचें श्रेय.

७. आपल्या संशोधनास यांतून काय घ्यावयाचें

दूरच्या मनोऱ्याचा हा विचार आपल्या मंडळाच्या वाचकांपुढें ठेवण्याचें कारण सांगितलें पाहिजे. तें दुहेरी आहे.

आपल्या शास्त्रांत भूपरीक्षा सांगितली आहे. ती पिसाच्या लोकांस ठाऊक असती तर हा प्रसंग न येता, असें म्हणण्याचा मोह संस्कृतज्ञास होतो. आम्हांसही झाला. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत हातभर खड्डा खणून तीच माती परत भरावयास सांगितली आहे. माती उरली तर भूमि उत्तम, पुरली तर मध्यम, कमी पडली तर अधम. खड्ड्यांत पाणी भरून शंभर पावलें जाऊन परत यावें व पाणी किती उरलें तें पाहावें, अशीही परीक्षा आहे. माती दाट आहे कीं भुसभुशीत, हें घरापुरतें जाणण्यास या परीक्षा शहाणपणाच्या आहेत. परंतु त्या वरच्या हातभर मातीविषयीं बोलतात. पिसाचा शत्रु दहा मीटरांखालीं दडलेला होता. ग्रंथाचा मान त्याच्या मर्यादेसकट राखावा. मर्यादेबाहेर ओढल्यानें तो वाढत नाहीं.

दुसरें कारण अधिक जिव्हाळ्याचें आहे. काशींत मणिकर्णिकेजवळ अगदीं पाण्याच्या कांठाशीं रत्नेश्वराचें मंदिर आहे, तें चांगलेंच कललेलें आहे. त्याविषयीं एक कथा सांगतात कीं, अहल्याबाई होळकर यांच्या रत्नाबाई नांवाच्या दासीनें तें बांधलें व त्यास स्वतःचें नांव दिलें. त्यामुळें अहल्याबाईंनीं क्रोधानें शाप दिला आणि मंदिर कललें. दुसरी कथा सांगतात ती राजा मानसिंगाच्या सेवकाची : त्यानें आईच्या ऋणांतून मुक्त होण्यासाठीं मंदिर बांधलें, पण आईचें ऋण फिटत नाहीं म्हणून तें कललें. मानसिंग १६१४ मध्यें वारला, अहल्याबाई १७९५ मध्यें. दोन कथांत पावणेदोनशें वर्षांचें अंतर, पात्रें निराळीं, आणि शेवट तेवढा एक. जी कथा धनी बदलून तोच शेवट पोंचविते ती घडलेल्या गोष्टीची साक्ष नव्हे. दिसणाऱ्या कलास मागून जोडलेलें तें कारण आहे. ज्या मंदिराचा गाभारा वर्षांतील बराच काळ गंगेच्या पाण्यांत व गाळांत असतो, त्याच्या कलण्याचें कारण शोधावयास प्रथम नदीच्या कांठच्या भूमीकडेच पाहिलें पाहिजे.

कोणी म्हणेल, कथा निरुपद्रवी आहे, सांगेनात कां. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या बाईंनीं १७८० च्या सुमारास काशीविश्वेश्वराचें मंदिर पुन्हां उभें केलें आणि ठिकठिकाणीं घाट व धर्मशाळा बांधल्या, त्यांच्या चरित्रांत दासीच्या पुण्यकर्मावर रागावल्याचा डाग केवळ एका कललेल्या भिंतीसाठीं लावला जातो. पिसाच्या गवंड्यांवर अननुभवाचा डाग साडेचारशें वर्षें बसला तो याच रीतीनें. वासारी विद्वान् होता आणि काशीची कथा भाबडी आहे, हा भेद खरा. परंतु दोहोंकडे वांकड्या दगडासाठीं कोणीतरी अपराधी माणूस शोधण्याची घाई एकच आहे.

८. उपसंहार

येणेंप्रमाणें आमचा निर्णय असा. पिसाचा मनोरा कलला तो मऊ मातीवर उंच व अरुंद इमारत रचल्यामुळें; बांधणारांच्या अडाणीपणामुळें नव्हे, आणि कोणाच्या इच्छेनेंही नव्हे. तो टिकला तो मुख्यतः बांधकामांत पडलेल्या दोन दीर्घ खंडांमुळें. भिंतीच्या बांधणीनें त्यास हातभार लावला, परंतु वाटोळेपणा हें त्याचें असाधारण कारण नव्हे. आणि आज तो उभा आहे तो विसाव्या शतकाच्या अखेरीस माणसांनीं केलेल्या उपायामुळें. नाहीं तर तो पडण्याच्या मार्गाला लागलाच होता. वासारीनें जमिनीकडे बोट दाखविलें, याबद्दल त्याचे आभारच मानले पाहिजेत. तेथें खणून पाहण्याचें साधन त्याच्या काळीं नव्हतें.

आम्हांपाशीं मात्र फळ्यावरची ती आकृति सुधारण्याची संधि आतां उरलेली नाहीं. ज्यांना आम्हीं ती शिकविली त्यांपैकीं कोणाच्या हातीं हा लेख पडला, तर त्यांनीं आपल्या वहींत तळरेषेखालीं एक मऊ गादी काढून घ्यावी, एवढेंच सांगून हें परीक्षण पुरें करितों.